लॅपटॉपचे व्होल्टेज पारखून उतरवा, सरसकट ‘उणे शंभर’ नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की द्राक्षबागेला पाणी किती द्यावे, जनावरांना सावली कशी करावी, लहान मुलांना उन्हापासून कसे जपावे, याची माहिती आपल्या दैनिकात नेमाने येते आणि लोक ती कात्रणे जपून ठेवतात. लॅपटॉपच्या उष्णतेवर मात्र मराठीत छापील माहिती फारशी हाती लागत नाही. सांगली-मिरजेत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली दुपारी खोलीतच ३८ अंश असतात. अशा खोलीत कुणी अभियांत्रिकीची आखणी करत असतो, कुणी जीएसटीचे विवरणपत्र भरत असतो. पंखा घोंघावू लागतो, कीबोर्डला हात लावला तर चटका बसतो आणि काम रेंगाळते. पंखा तेवढ्याच वेगाने फिरत असेल तर खोलीचे तापमान जितक्या अंशांनी चढते, साधारण तितक्याच अंशांनी प्रोसेसरचेही चढते. जानेवारीत २४ अंशांच्या खोलीत ८४ वर चालणारे यंत्र मेमध्ये ३८ अंशांच्या खोलीत ९८ वर जाते. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश असते. तिथे पोहोचले की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, म्हणून काम रेंगाळते.

यावर उपाय म्हणून प्रोसेसरचे व्होल्टेज उतरवून देण्याचे काम, ज्याला सगळे ‘अंडरव्होल्ट’ म्हणतात, आता जिल्ह्यातली काही दुकाने करून देतात. उपाय खरा आहे, बिनखर्ची आहे आणि नीट केला तर यंत्राला कोणतीही इजा करत नाही. पण तो ज्या रीतीने उरकला जातो ती रीत आम्हाला मान्य नाही. येईल त्या यंत्राला उणे १०० मिलिव्होल्ट लावायचे, म्हणजे व्होल्टेज ०.१ व्होल्टने उतरवायचे, दहा मिनिटे एखादी चाचणी चालवायची, तापमान खाली आलेले गिऱ्हाइकाला दाखवायचे आणि यंत्र हातात ठेवायचे. पंधरा दिवसांनी विंडोज कोसळून निळा पडदा येतो किंवा हिशेबाची फाइल उघडत नाही. मग दोष विंडोजवर जातो, यंत्र फॉरमॅट होते, आणि खरे कारण जागच्या जागी राहते.

आधी कारण समजून घेऊ. प्रोसेसरमधून निघणारी उष्णता वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या पटीत वाढते. १.१० व्होल्टवर चालणारा प्रोसेसर १.०२ वर आणला, म्हणजे फक्त ८० मिलिव्होल्ट उतरवले, तर वेग तोच ठेवूनही स्विचिंगमध्ये जाणारी वीज जवळपास १४ टक्क्यांनी घटते. ४५ वॉटच्या जागी ३९. शिवाय ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यातून थोडी वीज झिरपत असते. व्होल्टेज आणि तापमान दोन्ही उतरले की ही गळतीही कमी होते.

मग कंपनी मुळातच व्होल्टेज कमी का ठेवत नाही? आपल्याकडे ठिबक वापरणाऱ्याला हे लगेच कळेल. पंपाचा दाब पहिल्या ड्रिपरला पुरेल इतका ठेवून चालत नाही. सरीच्या टोकाच्या शेवटच्या ड्रिपरलाही पाणी पोचले पाहिजे, गाळणी थोडी तुंबली तरी पोचले पाहिजे. प्रोसेसरचेही तसेच. त्यातला सर्वांत मंद मार्ग, सर्वांत जड गणित, अचानक भार आल्यावर क्षणभर खाली जाणारे व्होल्टेज, आणि काही वर्षांनी होणारी चिपची झीज, एवढे सगळे धरून कंपनी वर थोडी शिल्लक ठेवते. अंडरव्होल्ट म्हणजे त्या शिलकीतला काही भाग काढून घेणे. ही शिल्लक प्रत्येक चिपमध्ये वेगळी असते. एकाच मॉडेलचे, एकाच दिवशी घेतलेले दोन लॅपटॉप घ्या. एक १२० सहज सोसेल, दुसरा ७० लाच कोसळेल. म्हणूनच ‘सगळ्यांना शंभर’ हा हिशेब चुकतो.

तरीही व्होल्टेजला हात लावण्याआधी झाडलोट करावी. पंख्यात कचरा आणि उतारा व्होल्टेजवर, म्हणजे दुखणे रेड्याला आणि औषध पखालीला. आपल्या भागात धूळही तऱ्हेतऱ्हेची आहे. मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याच्या दिवसांत हवेत जी बारीक भुकटी असते तिला हळदीचे अंगचे तेल असते. ती पंख्याच्या पात्यांना चिकटून बसते, नुसत्या ब्लोअरने जात नाही, मऊ ब्रश लागतो. ऊसपट्ट्यात पाचट जाळल्यावर उडणारी काजळी हलकी असते आणि थेट आत ओढली जाते. हा सगळा कचरा पंखा आणि तांब्याच्या पातळ पट्ट्या यांच्या मधोमध नमद्यासारखा थर धरतो. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, पण आत वाटच बंद झालेली असते. तो थर काढायचा तर पंखा सोडवावा लागतो. ब्लोअर मारताना पाते बोटाने किंवा काडीने धरून ठेवावे. हवेच्या झोताने पंखा भलत्या वेगाने फिरला तर बेअरिंग खराब होते.

तीन-चार वर्षे झालेल्या यंत्राची थर्मल पेस्टही, म्हणजे प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे (ती बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाकडे) नेणारा लेपही, बदलावी. लॅपटॉपच्या प्रोसेसरवर झाकण नसते, चिप उघडीच असते. ती तापते-निवते तशी पातळ पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते, म्हणून घट्ट जातीची पेस्ट घ्यावी. जुनी पेस्ट ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, नवी चिपवर पातळ एकसारखी पसरावी. हीटसिंकच्या स्क्रूंपाशी १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात, त्याच क्रमाने थोडे थोडे आवळावेत. एक स्क्रू एकदम पूर्ण आवळला की हीटसिंक तिरका बसतो आणि प्रोसेसरमधली एकच कोअर (गणित करणारा एक गाभा) इतरांपेक्षा दहा-पंधरा अंश जास्त तापते. लिक्विड मेटलच्या वाटेला जाऊ नये. ते विजेचे वाहक आहे, ओघळले तर बोर्ड जाईल, आणि ॲल्युमिनियमला तर ते खातेच.

आणखी एक गल्लत फार होते. यंत्र मंद आहे, पण गरम नाही, आणि वेग ०.८ गिगाहर्ट्झच्या आसपास अडकून बसला आहे, अशा वेळी उष्णतेचा संबंध बहुधा नसतो. १२० वॉटच्या यंत्राला ६५ वॉटचा किंवा यंत्र ओळखत नाही असा चार्जर लावला की बोर्डच प्रोसेसरला मागे खेचतो. चार्जर बदलून पाहावा.

आता मूळ कामाकडे. पहिली पायरी मोजणीची. एचडब्ल्यूइन्फो हे मोफत साधन उघडून ठेवावे आणि प्रोसेसरवर पूर्ण भार टाकून गुण देणाऱ्या सिनेबेंच आर२३ ची दहा मिनिटांची चाचणी चालवावी. वहीत पाच गोष्टी लिहाव्यात: खोलीचे तापमान, प्रोसेसरचे कमाल तापमान, पॅकेजची (म्हणजे अख्ख्या प्रोसेसरची) वीज किती वॉट, सरासरी वेग, आणि मिळालेले गुण. ही मूळ नोंद नसेल तर पुढे सुधारणा झाली की बिघाड, हे सांगता येत नाही.

दुसरी पायरी, आपले यंत्र व्होल्टेज बदलू देते का हे पाहण्याची. इंटेलच्या चौथ्या पिढीपासून, म्हणजे २०१३ च्या हॅसवेलपासून, सॉफ्टवेअरने व्होल्टेज खाली-वर करता येऊ लागले. सहाव्या ते नवव्या पिढीची यंत्रे यासाठी सर्वांत मोकळी. पण डिसेंबर २०१९ मध्ये बर्मिंगहॅम, ल्यूवन आणि ग्राझ इथल्या विद्यापीठांच्या संशोधकांनी ‘प्लंडरव्होल्ट’ नावाची त्रुटी जाहीर केली. व्होल्टेज जाणूनबुजून जास्त उतरवून प्रोसेसरकडून चुकीचे गुणाकार करवून घ्यायचे आणि त्या चुकांवरून सुरक्षित कप्प्यातली गुपिते काढायची, असा तो मार्ग होता. त्यानंतर बायोस, म्हणजे यंत्र सुरू करणारे बोर्डावरचे मूळ सॉफ्टवेअर, अद्ययावत करून बहुतेक कंपन्यांनी ही सोय बंद केली. दहाव्या पिढीपासून पुढची बरीच यंत्रे कुलूपबंदच येतात. ‘एचएक्स’ अक्षरे असलेल्या ताकदवान मालिकेत काही ठिकाणी ती उघडी मिळते. थ्रॉटलस्टॉप हे व्होल्टेज बदलण्याचे साधन उघडून त्यातल्या ‘एफआयव्हीआर’ खिडकीत पाहावे. ‘लॉक्ड’ लिहिलेले दिसले, किंवा आकडा लावूनही वरच्या तक्त्यात शून्यच राहिला, तर दार बंद आहे.

काही वेळा कुलूप बायोसचे नसून विंडोजच्या ‘मेमरी इंटेग्रिटी’ या सुरक्षेचे असते. ती बंद केली की आकडा लागतो. पण ज्या यंत्रावर बँकेचे व्यवहार होतात, गिऱ्हाइकांची आधार-पॅनची कागदपत्रे असतात, तिथे पाच-सात अंशांसाठी ही सुरक्षा काढू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. कुलूप उघडण्यासाठी जुना बायोस परत टाकणे हेही तसेच. त्यासोबत बाकीच्या त्रुटीही परत येतात. आणि बायोसमधले दडलेले आकडे बदलण्याच्या ज्या युक्त्या व्हिडिओत दाखवतात त्या तर मुळीच करू नयेत. एका मॉडेलचा पत्ता दुसऱ्या मॉडेलला लावला की यंत्र सुरूच होत नाही, मग चिपला क्लिप लावून प्रोग्रॅमरने बायोस पुन्हा लिहावा लागतो.

दार उघडे असेल तर पुढची पायरी. थ्रॉटलस्टॉप मूळ ठिकाणाहूनच आणि ताजी आवृत्ती घ्यावी, कारण अशी साधने प्रोसेसरच्या अगदी आतपर्यंत पोचतात आणि जुन्या आवृत्तीतले छिद्र चोराच्या कामी येते. त्यात ‘सीपीयू कोअर’ आणि ‘सीपीयू कॅश’ असे दोन आकडे असतात. सहाव्या पिढीपासूनच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये दोघांना वीज एकाच वाटेने जाते, म्हणून दोन्हींना सारखाच आकडा द्यावा. फक्त कोअरचा आकडा उतरवला तर काहीच घडत नाही, आणि लोक समजतात की आपली चिप उणे २०० सोसते. ‘सिस्टिम एजंट’ला हात लावू नये, मेमरीचे काम तिथून चालते आणि तिथली गडबड शोधून सापडत नाही. चित्र दाखवणाऱ्या अंतर्गत जीपीयूचे व्होल्टेज उतरवून मिळणारा फायदा किरकोळ आहे, तेही राहू द्यावे.

सुरुवात उणे ५० पासून करावी. चाचणी सुरू असताना आकडा जतन न करण्याचा पर्याय निवडून ठेवावा, आणि थ्रॉटलस्टॉप विंडोजसोबत आपोआप सुरू होईल अशी व्यवस्था इतक्यात करू नये. असे केले की यंत्र कोसळले तरी पुन्हा सुरू होताच मूळ व्होल्टेजवर येते. सॉफ्टवेअरने लावलेला आकडा चिपमध्ये कायमचा कोरला जात नाही. यंत्र बंद करून सुरू केले की तो पुसला जातो, म्हणूनच हा मार्ग बायोसपेक्षा निर्धोक आहे. घाईत आकडा जतन झाला आणि विंडोज सुरू होताच कोसळू लागले, तर सेफ मोडमध्ये जाऊन थ्रॉटलस्टॉपची आकडे साठवणारी आयएनआय फाइल काढून टाकावी.

५० वर दहा मिनिटे नीट गेली की ६०, मग ७०, असे १० च्या पायरीने उतरावे. ८० च्या पुढे पायरी ५ ची ठेवावी. कुठेतरी यंत्र गोठेल, निळा पडदा येईल किंवा चाचणी चूक दाखवून थांबेल. तिथून १५ ते २० मिलिव्होल्ट परत वर यावे. समजा ११० ला कोसळले, तर ९० वर थांबावे. १०५ ला चालले म्हणून १०५ वरच ठेवणे हा लोभ आहे, आणि त्या शेवटच्या पंधरा मिलिव्होल्टने तापमानात फार तर दोन-तीन अंशांचा फरक पडतो. सहाव्या ते नवव्या पिढीत बहुतेक यंत्रे ५० ते १२० यांच्या दरम्यान कुठेतरी स्थिरावतात.

खरे काम इथून सुरू होते आणि दुकानात नेमके तेच गाळले जाते. सिनेबेंच उष्णता मोजायला चांगले, पण त्यातून आलेले चित्र बरोबर आहे की नाही हे ते तपासत नाही. गणित बरोबर आले का हे तपासणारी चाचणी हवी. प्राइम९५ मधली ‘स्मॉल एफएफटी’ एक ते दोन तास चालवावी. यात प्रत्येक कोअर स्वतःचे उत्तर ताडून पाहते आणि चुकले की तेवढ्या कोअरचे काम थांबवून तसे लिहून दाखवते. एकच कोअर वारंवार थांबत असेल तर ती त्या चिपची कच्ची कोअर आहे. सगळ्या यंत्राचा आकडा तिच्या कुवतीनुसार ठरवावा. त्यानंतर ‘ब्लेंड’ चाचणी तासभर, म्हणजे मेमरीसकट तपासणी होते.

एवढे झाल्यावरही काम संपत नाही, कारण जड भाराखाली टिकलेले यंत्र हलक्या कामात कोसळू शकते. सगळ्या कोअर कामाला लागल्या की वेग थोडा खाली असतो. पण ब्राउझरचे एक पान उघडताना एकच कोअर क्षणभर सर्वांत वरच्या वेगावर उडी घेते, आणि त्या वेगाला लागणारी शिल्लक आपण काढून घेतलेली असते. प्राइम९५ रात्रभर चालले आणि सकाळी मेल वाचताना यंत्र गोठले, हा प्रकार याच कारणाने होतो. म्हणून निदान दोन-तीन दिवस नेहमीच्या वापरात पाहावे. चार्जरवर आणि बॅटरीवर, दोन्हीकडे पाहावे. वीज गेली आणि यंत्र बॅटरीवर आले त्या क्षणीही वेग-व्होल्टेज बदलतात, आणि भारनियमनाच्या भागात हा क्षण दिवसातून अनेकदा येतो. स्लीपमधून पाच-सहा वेळा उठवून पाहावे. स्लीपनंतर आकडा तोच राहिला आहे की शून्यावर गेला आहे, तेही तक्त्यात बघावे.

थंडीचाही विचार करावा, हे फार जणांना ठाऊक नसते. आजच्या बारीक ट्रान्झिस्टरचा स्वभाव असा की कमी व्होल्टेजवर ते थंडीत थोडे मंद होतात. मे महिन्यात काठावर ठरवलेला आकडा डिसेंबरच्या पहाटे, त्यातही महाबळेश्वर-पाचगणीकडे नेलेल्या यंत्रात, सुरू करतानाच दगा देऊ शकतो. आधी सांगितलेले १५-२० मिलिव्होल्ट अशा वेळी उपयोगी पडतात. चिपची झीज हेही एक कारण आहे. दोन वर्षांनी तोच आकडा कधी ५-१० ने वर आणावा लागतो.

आता मूक चुकांविषयी, कारण खरा धोका तोच आहे. व्होल्टेज कमी केल्याने प्रोसेसर जळत नाही. उलट त्याचे आयुष्य वाढायलाच मदत होते. पण व्होल्टेज जरा अपुरे पडले तर प्रत्येक वेळी निळा पडदा येईलच असे नाही. कधी एखादा बिट उलटतो आणि काम पुढे चालू राहते. प्लंडरव्होल्टमध्ये संशोधकांनी नेमके हेच करून दाखवले: यंत्र बंद पडत नाही आणि गुणाकार चुकतो. हिशेबाच्या फाइलीत, पिळून ठेवलेल्या झिपमध्ये, दाखल्यांच्या पीडीएफमध्ये अशी चूक शिरली तर ती महिन्यांनी कळते, तोवर बॅकअपमध्येही तीच बिघडलेली प्रत गेलेली असते. यासाठी दोन तपासण्या कराव्यात. पहिली, चार-पाच जीबीचा एखादा फोल्डर सेव्हन-झिपने पिळावा आणि त्यातलीच ‘टेस्ट’ आज्ञा तीन-चार वेळा द्यावी. एकदाही सीआरसीची, म्हणजे फाइल ताडताना न जुळल्याची, चूक दिसली तर आकडा लगेच वर आणावा. दुसरी, विंडोजच्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये सिस्टिमच्या नोंदीत ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’ शोधावे. १९ क्रमांकाची नोंद म्हणजे प्रोसेसरने आपली चूक स्वतः सुधारली. पडद्यावर काहीच दिसत नाही, पण हा इशाराच आहे. व्होल्टेज उतरवल्यावर अशी एकही नोंद आली तर १० मिलिव्होल्ट परत द्यावेत. १८ क्रमांकाची नोंद म्हणजे चूक सुधारण्यापलीकडची होती. निळ्या पडद्यावर ‘डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर’ किंवा ‘क्लॉक वॉचडॉग टाइमआउट’ दिसले, तर विंडोज नव्याने टाकण्याआधी व्होल्टेज शून्यावर आणून पाहावे.

अंडरव्होल्ट करूनही तापमान उतरले नाही, अशी तक्रार पुष्कळांची असते. त्यामागे बहुतेकदा विजेची मर्यादा असते. यंत्राला सलग ४५ वॉट घेण्याची मुभा आहे आणि ते आधीपासूनच त्या मर्यादेला टेकलेले आहे, तर व्होल्टेज उतरल्यावर ते ४५ वॉटच घेते, फक्त त्यात जास्त वेगाने धावते. गुण वाढतात, तापमान तेवढेच. ज्याला वेग हवा त्याचे काम झाले. ज्याला थंडावा हवा त्याने सोबत पीएल१ म्हणजे सलग मर्यादा ४५ वरून ३५ वर आणावी, आणि थोड्या वेळाची पीएल२ मर्यादाही त्याच प्रमाणात. व्होल्टेज उतरवलेले यंत्र ३५ वॉटमध्ये पूर्वीच्या ४५ च्या जवळपास काम देते, आणि मेच्या दुपारी हाच मेळ सर्वांत चांगला बसतो. वहीतली मूळ नोंद इथे कामी येते.

एएमडीच्या रायझनची रीत वेगळी आहे. तिथे ‘कर्व्ह ऑप्टिमायझर’ असतो, त्यात मिलिव्होल्टऐवजी पायऱ्या असतात, एक पायरी साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टची. उणे ५, उणे १० असे उतरावे. बऱ्याच लॅपटॉपच्या बायोसमध्ये ही सोयच नसते. मग रायझनॲडजसारख्या साधनाने विजेची मर्यादा, उदाहरणार्थ २५ वॉटची १८, एवढेच करता येते. रायझनमध्ये आणखी एक जपावे लागते. व्होल्टेज अपुरे पडले की प्रोसेसर कोसळण्याऐवजी घड्याळाचे ठोके लांबवतो. पडद्यावर वेग ४ गिगाहर्ट्झ दिसतो, पण प्रत्यक्ष काम कमी होते. म्हणून वेगाच्या आकड्यावर न जाता ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ आणि सिनेबेंचचे गुण पाहावेत. गुण घसरले तर आपण जास्त खाली गेलो.

ॲपलच्या एम मालिकेत हा मार्ग उपलब्ध नाही. वेगळे ग्राफिक कार्ड असलेल्या यंत्रात एनव्हीडियासाठी आफ्टरबर्नर या साधनातला वेग-व्होल्टेजचा वक्र वापरून ठरावीक व्होल्टेजवर वेग सपाट करता येतो. पारखण्याची पद्धत तीच, फक्त चाचणी खेळाची किंवा थ्रीडी रेंडरची.

कुलूपबंद यंत्रवाल्यांनी हिरमुसू नये. शेवटचे काही शे मेगाहर्ट्झ गाठण्यासाठीच प्रोसेसर सर्वांत जास्त व्होल्टेज मागतो, तेव्हा तिथेच थोडे मागे यावे. ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के’ ही युक्ती सगळीकडे सांगतात. तिने बहुतेक इंटेल यंत्रांत टर्बो, म्हणजे मूळ वेगाच्या वर जाण्याची सोय, पूर्ण बंद होतो. पण आय५-८२५०यू सारख्या प्रोसेसरचा मूळ वेग १.६ आणि टर्बो ३.४ गिगाहर्ट्झ आहे. टर्बो काढला तर निम्म्याहून अधिक वेग गेला. त्यापेक्षा टर्बोची वरची हद्द तीन-चारशे मेगाहर्ट्झने खाली आणावी, किंवा पीएल१ उतरवावी. रोजच्या कामात फरक जाणवतही नाही. लॅपटॉप गादीवर न ठेवता फळीवर ठेवून मागची बाजू दोन सेंटिमीटर उचलली, तर खालून हवा घेणाऱ्या यंत्रात तेवढ्यानेही फरक पडतो.

‘बीडी प्रोचॉट’ नावाचा रक्षक बंद करून वेग वाढवून देणारेही आहेत. प्रोसेसरला वीज पुरवणारा बोर्डावरचा भाग तापला की तो रक्षकच वेग खाली खेचतो. चार्जर ओळखला जात नाही म्हणून तो अडवत असेल तर चार्जर बदलावा. रक्षक काढून बोर्ड जाळू नये.

आता आमचे मागणे. व्होल्टेज उतरवून देणाऱ्या दुकानांनी बिलावर चार ओळी लिहाव्यात: किती मिलिव्होल्ट उतरवले, कोणत्या आकड्याला यंत्र कोसळले होते, कोणती चाचणी किती तास चालवली, आणि आकडा शून्यावर कसा आणायचा. यंत्र दोन दिवस ठेवून घ्यावे लागले तर तसे आधीच सांगावे. गिऱ्हाइकानेही ‘तासाभरात द्या’ हा आग्रह धरू नये, आणि आकडे लिहिलेले नसतील तर काम स्वीकारू नये. यंत्र वॉरंटीत असेल तर हात लावण्याआधी तिच्या अटी वाचून दाखवणे ही दुकानदाराची जबाबदारी आहे. नवे यंत्र विकणाऱ्यांनी व्होल्टेज-नियंत्रण उघडे आहे की बंद, हे विचारल्यावर सांगता येईल इतकी माहिती ठेवावी. अभियांत्रिकी आणि पॉलिटेक्निकच्या संगणक प्रयोगशाळांतही एप्रिलपूर्वी एकदा पंखे साफ करून प्रत्येक यंत्राचे कमाल तापमान नोंदवून ठेवले, तर परीक्षेच्या दिवसांत यंत्रे मान टाकणार नाहीत.

ज्यांच्या लॅपटॉपचे व्होल्टेज आधीच कुणी उतरवून दिले आहे त्यांनी आज एवढे करावे: इव्हेंट व्ह्यूअर उघडून १८ आणि १९ क्रमांकाच्या नोंदी शोधाव्यात. सापडल्या तर आधी आकडा शून्यावर आणावा, मगच महत्त्वाच्या फाइलींची नवी प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी. जुनी प्रत लगेच पुसू नये. कोणती प्रत निकोप आहे हे ताडून पाहायला ती लागेल.

आपले,
लॅपटॉप दुरुस्तीचे काम करणारे काही तंत्रज्ञ,
सांगली